पप्पांच्या तोंडाला वास येत होता का?

मेधा, दांडियाबाजार:
ओळखीतल्या एका घराची केस बडोद्यात फॅमिली कोर्टात चालू आहे. बाप पितो. शनिवारची भेट आटोपून पोरगा घरी आला की आईचा पहिला प्रश्न हाच. आठ वर्षांचं पोर उत्तर देण्याआधी आईचा चेहरा बघतं! तिला तरी काय बोलणार, पुरावा आणायचा कुठून? लंडनमध्ये २००८पासून अशा केसेससाठी वेगळं कोर्ट आहे. सुरुवातीपासून एकच न्यायाधीश, दर पंधरवड्याला तो आईबापांशी वकिलांविना बोलतो, उपचार करणारी माणसं कोर्टाला जोडलेली. व्यसनामागे काय सोसणं आहे तेही विचारात घेतात. आपल्या १९८४च्या फॅमिली कोर्ट कायद्यातही समुपदेशक आणि तज्ज्ञांची सोय आहेच की. वापरा ना!

वकीलकाका:
मेधाताई, ते कोर्ट सरकार मूल काढून घ्यायला निघतं तेव्हाचं. इथे नवरा विरुद्ध बायको. त्यात गुजरातेत दारूबंदी, परमिट नसेल तर पिणं हाच गुन्हा. कुठला अशील ‘हो, पितो, उपचार घेतोय’ असं लिहून देईल? तोच कागद समोरच्यांनी उद्या पोलिसात नेला तर? म्हणून सगळ्यांचं एकच उत्तर: आरोप खोटे आहेत.

मेधा:
म्हणजे खरं बोलणाराच अडकतो. अशाने उपचाराला जाणार कोण?

शुभांगी:
माझे वडील प्यायचे. त्यांचं दुःख सगळ्यांनी समजून घेतलं. आत्याने, शेजाऱ्यांनी, दर गुरुवारी घरी येणाऱ्या महाराजांनीसुद्धा. ‘बाळा, पप्पा मनाने वाईट नाहीत.’ रात्री कडी वाजली की मी आणि भाऊ पलंगाखाली. कोर्टानेही आता तेच समजून घ्यायचं? १८९०च्या पालकत्वाच्या कायद्यात मुलाचं हित बघा असं आहे. बाप सुधारेपर्यंत थांबा असं कुठे आहे?

मेधा:
समजून घेणं म्हणजे भेट दिलीच पाहिजे असं नाही गं. भेट देखरेखीखाली ठेवा, पिऊन आला तर दारातूनच परत पाठवा. फक्त ते ओळखायचं काम पोराच्या नाकावर टाकू नका.

सयाजीगंजकर:
बडोदा संस्थानाने १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. आणि आपण अजून भेट कुणाच्या देखत, यावर भांडतोय. असो.

शुभांगी:
देखरेखीला माणूस मिळेपर्यंत काय? भेट बंद ठेवा, मग बोलू.

वकीलकाका:
सरसकट बंद मागितली तर बाप वरच्या कोर्टात जातो, आणि पोराची आणखी दोन वर्षं जातात. त्यापेक्षा अर्जात स्पष्ट मागा: भेट कोर्टातच, समुपदेशकासमोर, प्यायलेला असेल तर त्या दिवशीची रद्द, पोराला दोन्हीकडून कुणी काही विचारायचं नाही. काही न्यायाधीश देतात, काही पुढची तारीख देतात.

शुभांगी:
आणि त्या तारखेपर्यंतचे शनिवार?