ल्यूटच्या तारांमधलं अंतर किती ठेवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गिटार सोडून दोन वर्षांपूर्वी आठ जोडांच्या रेनेसाँ ल्यूटकडे (गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य) वळलो. पहिली तार एकेरी, बाकीचे सात जोड, म्हणजे एकूण १५ तारा. हाडाचा नट (मानेच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) झिजलाय, तो नवीन करून घ्यायचाय. त्यामुळे खाचा कुठे पाडायच्या हे आत्ताच ठरवावं लागेल.

सध्या नटपाशी पहिल्या ते शेवटच्या तारेपर्यंत ५४ मिमी आहेत आणि प्रत्येक जोडातल्या दोन तारांत ३ मिमी. दुसऱ्या जोडावर बोट ठेवलं की ते तिसऱ्याला चिकटतं आणि सूर दबतो. जोडातल्या दोन तारा आणखी जवळ आणल्या तर दोन जोडांमध्ये जागा मिळेल, पण मग जाड तारा एकमेकींवर आपटून खरखरतील अशी भीती वाटते. बाहेर सरकवायलाही फारशी जागा नाही, कारण मान तिथे ६० मिमीच रुंद आहे. कडेची तार बोटाने घसरून खाली गेली तर त्याहून वाईट.

खरा प्रश्न असा: जोडांच्या मध्यांमधलं अंतर सारखं ठेवावं, की तारांच्या कडांमधली मोकळी जागा? मंद्र तारा जाड असल्याने दुसरी पद्धत मला जास्त पटते, पण प्रत्यक्ष वाजवताना बोटांना फरक कळतो का?

घोडीची (तारा दुसऱ्या टोकाला जिथे बांधतात ती पट्टी) छिद्रं बदलता येणार नाहीत. उजव्या हाताला, अंगठा बोटांच्या आत, तळव्याकडे ठेवून वाजवताना, तिथलं अंतर ठीक वाटतं.

तुमच्या वाद्यावरची मापं कळवाल का? बोटं जाड की बारीक, तेही सांगा.