मदत हवी आहे: शाळेची गणवेश आणि वर्तन नियमावली नव्याने लिहायची आहे

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी,

मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेने गणवेश आणि वर्तनाची नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे आणि पालकांच्या बाजूने समितीत माझी वर्णी लागली आहे. (जो बैठकीला गैरहजर असतो त्याची निवड एकमताने होते, हे जाणकारांना ठाऊक असेलच.) मसुद्यावर लेखी सूचना द्यायच्या आहेत.

फोन, उशिरा येणं, मारामारी याबद्दल फारसा वाद नाही. घोळ आहे तो या कलमांत: "केस काळे व नीटनेटके असावेत." "मुलींचा स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटे असावा." (कुणाची बोटं, ते दिलेलं नाही.) "वर्तन शाळेच्या प्रतिमेला शोभेल असे असावे." आणि शेवटी, "नियमभंग करणाऱ्यास वर्गात बसू दिले जाणार नाही."

मी गणवेशाच्या विरोधात नाही. रोज सकाळी काय घालायचं यावरून आमच्या घरी भांडण होत नाही ते त्याच्याचमुळे. पण शाळेचं म्हणणं असं की गणवेश कडक केला की शिस्तही सुधारते आणि निकालही. याला काही आधार आहे का? ही कलमं कशी लिहावीत? आणि समितीत एकही विद्यार्थी नाही, याबद्दल आग्रह धरावा का?

"शिस्त हवीच" किंवा "शाळाच बंद करा" एवढ्यावर थांबणारे प्रतिसाद नकोत, कृपया.

निवांत_मास्तर:

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्या अनुभवावरून सांगतो. प्रत्येक कलमापुढे एक रकाना आखा आणि समितीला विचारा, हा नियम नसला तर नेमकं कुणाचं काय बिघडेल? प्रयोगशाळेत केस बांधलेले हवेत, कारण समोर बर्नर पेटलेला असतो. खेळाच्या तासाला लोंबती कर्णफुलं नकोत, कारण ओढली गेली तर कान फाटतो. असे नियम मुलं कुरकुर न करता पाळतात. "केस काळे" याच्यापुढचा रकाना मात्र रिकामाच राहील.

आता स्कर्ट. मुलं वाढतात हो! वर्षाच्या सुरुवातीला नियमात बसलेला स्कर्ट वर्ष संपेपर्यंत आखूड होतो, यात मुलीने काय केलं? मग कुणीतरी मोठं माणूस सगळ्यांदेखत तिच्या गुडघ्यापाशी मोजमाप करणार. नियम म्हणे शालीनतेचा, आणि त्याच्या पायी पोरीला शरमेने मान खाली घालावी लागते. मोजायचं कलम लिहिण्याआधी मोजणार कोण आणि कुठे, हे समितीला कागदावर लिहायला लावा. बरीच कलमं तिथेच गळतील. त्यापेक्षा "बसता, वाकता, धावता येईल असे कपडे" हे एकच वाक्य मुलगे आणि मुली दोघांनाही पुरतं.

कलमबहाद्दर:

केसांवरून जपानमध्ये प्रकरण कोर्टात गेलं होतं. ओसाका भागातल्या एका मुलीचे केस, तिच्या म्हणण्यानुसार, जन्मतः तपकिरी. शाळा ते वारंवार काळे रंगवायला लावत होती. तिने 2017 मध्ये दावा लावला. 2021 च्या निकालात कोर्टाने केस रंगवण्याबद्दलचा नियम शाळेच्या अधिकारातला मानला, पण ती शाळेत येईनाशी झाल्यावर वर्गाच्या यादीतून तिचं नाव आणि वर्गातून तिचं बाक काढून टाकलं, त्याबद्दल 3 लाख 30 हजार येनची भरपाई द्यायला लावली. म्हणजे नियम टिकला, वागणूक टिकली नाही. तुमच्या समितीने हा फरक लक्षात घ्यावा.

पुढे एप्रिल 2022 पासून टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी असे काही नियम काढून टाकले. सरसकट काळे केस गेले, अंतर्वस्त्रांचा रंग ठरवणारे नियम गेले (हो, होते), आणि "विद्यार्थ्याला शोभेल असे" या धर्तीची मोघम भाषाही गेली. तुमचं "प्रतिमेला शोभेल" त्याच जातीचं आहे.

वर्तनाच्या कलमासाठी अमेरिकेतला 1969 चा टिंकर खटला बघा. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती लावून आलेल्या मुलांना शाळेने घरी पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला: शिकवण्यात खरोखर मोठा व्यत्यय येत असेल तर शाळेने रोखावं, कुणाला तरी खटकेल या नुसत्या धास्तीने नको. तिथला कायदा तुमच्या शाळेला लागू नसला तरी कसोटी उसनी घ्यायला हरकत नाही.

धर्म किंवा वंशाशी जोडलेल्या पेहरावाला सवलत कशी देणार, तेही आधीच लिहा. फेटा बांधणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला म्हणून ब्रिटनमध्ये वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेला आणि 1983 मध्ये शाळा हरली. फ्रान्सने उलट 2004 मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर कायद्यानेच बंदी घातली. तेव्हा आपल्याकडचा कायदा काय सांगतो, ते बघितल्याशिवाय हे कलम लिहू नका.

धोपटमार्गी:

एवढा कीस कशाला पाडायचा? गणवेश सगळ्यांना एका पातळीवर आणतो, गरीब-श्रीमंत कळत नाही. नियम मोडला की शिक्षा. आम्ही नाही का शिकलो?

आकडेमोडे:

धोपटमार्गी, बूट, दप्तर आणि फोन बघून मुलांना सगळं कळतं. आणि गणवेश ठरावीक ठिकाणी, शाळेचं चिन्ह शिवलेलाच घ्यायचा असेल तर तो गरिबालाच महाग पडतो. इंग्लंडने 2021 मध्ये गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदा केला तो यासाठीच. अशा चिन्हांकित वस्तू कमीत कमी ठेवायला शाळांना सांगितलं गेलं.

पाटीपेन्सिल, निकालाबद्दल: कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने 1994 मध्ये आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला आणि शाळांतले गुन्हे घटल्याचं जाहीर केलं. पण त्याच सुमाराला तिथे इतरही सुधारणा चालू होत्या, त्यामुळे श्रेय एकट्या गणवेशाला देता येत नाही. 1998 मध्ये ब्रन्स्मा आणि रॉकमोर या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली. हजेरी किंवा वर्तनावर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना दिसला नाही. गणवेश सोयीचा म्हणून ठेवा, पण त्याने गुण वाढतील असं समितीत कुणी म्हणालं तर आधार मागा.

पाटीपेन्सिल:

सर्वांचे आभार. मास्तर, तुमचा रकाना आज रात्रीच आखते. शोभेल-बिभेल काढून "इतरांच्या शिकण्यात अडथळा आणणारे, कुणाला इजा करणारे किंवा अपमानित करणारे वर्तन चालणार नाही" असं लिहायचा विचार आहे. चालेल?

आणि वर्गाबाहेर काढायच्या कलमावर मुख्याध्यापिका ठाम आहेत. त्यांना काय सांगू?

निवांत_मास्तर:

चालेल, फक्त खाली दोन-तीन उदाहरणं द्या, नाहीतर "अपमान" म्हणजे काय यावर पुन्हा वाद होईल.

बाईंना विचारा, मोजे चुकीचे म्हणून गणिताचा तास बुडवला तर मुलाला मोज्यांबद्दल काय कळलं? गणवेशातली चूक असेल तर पालकांना चिठ्ठी, शाळेत जादाचा सदरा ठेवलेला असेल तर तो द्यायचा, पण मूल वर्गातच. वर्गाबाहेर काढणं फक्त इतरांना धोका असेल तेव्हा, तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली आणि कारणाची नोंद करून.

कलमबहाद्दर:

मास्तरांना दुजोरा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 28 वं कलम म्हणतं की शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी. मुलांना विचारायचं का, याचं उत्तर त्याच करारात 12 व्या कलमात आहे: आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा मुलांना हक्क आहे आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यायचं. समितीत दोन विद्यार्थी मागाच. एक वर्गप्रतिनिधी चालेल, पण दुसरा असा घ्या ज्याला नियमांवरून नेहमी ओरडा बसतो. कुठलं कलम कुठे फाटतं ते त्यालाच ठाऊक असतं.

पाटीपेन्सिल:

हा दुसरा विद्यार्थी आमच्याच घरात आहे, पण माझी मुलगी म्हणून तिला घेता येणार नाही. शोधते. बैठक झाली की इथेच लिहीन.