मदत हवी आहे: शॉपिंग सेंटरला २५ टक्क्यांची मर्यादा, १४,००० चौ.मी. बसवायचे कसे?

रेखाटन: उपनगरातल्या शॉपिंग सेंटरचा आराखडा करतोय. प्लॉट ४०,००० चौ.मी. झोनिंगमध्ये (जमीन वापराच्या नियमांत) २५ टक्क्यांची मर्यादा, आणि मालकांना १४,००० चौ.मी. दुकानं हवीत, म्हणजे ३५ टक्के. सोमवारी आराखडा द्यायचाय. सूट कशी मिळते? कुणी मिळवली असेल तर अर्जात काय लिहिलं ते सांगा. 'नियम पाळा' हे मला माहीत आहे.

चौकट: २५ टक्के कशाचे? ग्राउंड कव्हरेज (इमारतीने व्यापलेली जमीन) की एफएसआय (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम)? उत्तर त्यावरच आहे.

रेखाटन: कव्हरेजच. आणि सगळं तळमजल्यावर, शॉपिंग सेंटर आहे ना!

उतारा_नकाशा: सूट बहुतेक ठिकाणी जागेच्याच अडचणीला मिळते: वेडावाकडा आकार, तीव्र उतार, मधून जाणारा नाला. मालकाला जास्त दुकानं हवीत, हे कारण सहसा टिकत नाही. तुमच्या जागेत अडचण काय आहे?

सूर्यमुखी: पार्किंगवर सौर पॅनलचं छत घाला. आम्ही घातलंय, गाड्याही सावलीत राहतात. नव्या प्रकल्पात हे व्हायलाच हवं.

चौकट: सूर्यमुखी, प्रश्न वीजबिलाचा नाही. शिवाय बऱ्याच नियमावल्यांत खांबांवरचं छतही कव्हरेजमध्ये धरतात. याने ते बिचाऱ्याचं आणखी वाढेल.

गाडीवाला: सगळे कव्हरेजवर बोलताय, पण अडचण पार्किंगची आहे. दर १०० चौ.मी.ला किती गाड्या मागितल्यात? ५ धरल्या तर १४,००० ला ७०० गाड्या. वळायच्या रस्त्यासकट गाडीला ३० चौ.मी., म्हणजे २१,०००. इमारतीसह झाले ३५,०००. उरलेल्या ५,००० त मालाचे ट्रक, झाडं, सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) कशी बसवणार? सूट मिळाली तरी आराखडा बसणार नाही.

रेखाटन: ५ च मागितल्यात. आणि २० टक्के हिरवळ.

गाडीवाला: मग हे आधी का नाही सांगितलंत! हिरवळच ८,००० झाली. एकमजली बसतच नाही.

उतारा_नकाशा: ते ५ चे आकडे जुने आहेत. अमेरिकेतल्या अर्बन लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने १९६५ मध्ये दर १,००० चौ.फुटाला ५.५ गाड्या सुचवल्या, म्हणजे १०० चौ.मी.ला सुमारे ५.९. १९८० च्या दशकात त्यांनीच ते खाली आणले. पार्किंगचा आकडा कमी करून मागा, कव्हरेजचा नाही. सिनेमा, दवाखाना, किराणा यांच्या गर्दीच्या वेळा वेगळ्या असतील तर सामायिक पार्किंगचा हिशेब जोडा.

जुनाखांब: दुमजली करा ना. अमेरिकेत मिनेसोटातल्या एडिनाचं साउथडेल मॉल, १९५६ चं, वास्तुकार व्हिक्टर ग्रूएन यांचं. पूर्ण बंदिस्त आणि दुमजली. पुढे त्यांनीच मॉलांच्या वाढीवर नाराजी दाखवली, तो इतिहास वाचण्यासारखा आहे.

चौकट: इतिहास नंतर. वरच्या मजल्यावर दुकानदार येत नाहीत, हे आधी सोडवा.

जुनाखांब: जमीन उताराची असेल तर दोन्ही मजल्यांना पार्किंगमधून सरळ दार देता येतं. मग 'वरचा' मजला उरतच नाही.

गाडीवाला: ७,००० चौ.मी.चे दोन मजले केले तर कव्हरेज १७.५ टक्के. पार्किंग २१,०००, हिरवळ ८,०००. एकूण ३६,०००. चार हजार उरतात ते ट्रक आणि रस्त्यांना. पायऱ्या, सरकते जिने, लिफ्ट यांची जागा मात्र धरलेली नाही, ती दुकानांतूनच जाईल.

रेखाटन: उतार आहे! पश्चिमेला साधारण चार मीटर. सपाट करायचं ठरलं होतं म्हणून लिहिलं नाही. मालकांना आत्ताच फोन करतो.

चौकट: फोनच्या आधी नियमावलीतली 'कव्हरेज'ची व्याख्या इथे टाका. उतारामुळे अर्धा जमिनीत जाणारा मजला ते कसा मोजतात, ते पाहायला हवं.