इमर्जन्सी कॉल घेणाऱ्यांना असं होतं का? की मीच वीक आहे

रातपाळी_२९:
अँब्युलन्सच्या कॉल सेंटरला आहे, तीन वर्षं झाली. काय झालंय, गाव कुठलं, जवळची खूण सांगा, हेच दिवसभर. दीडेक महिन्यापूर्वी एका आजोबांचा कॉल आला, नातू शेततळ्यात पडलेला, नुकताच बाहेर काढला होता. फोन स्पीकरवर ठेवायला लावला, तीस वेळा छाती दाबा, दोनदा तोंडाने श्वास द्या, परत तीस, मी मोजतेय आणि माझ्या मागनं ते मोजतायत, मधेच "बावीस... बावीस..." वरच अडकले. गाडी पोचली, कॉल कट. पोरगं वाचलं का, मला आजतागायत माहीत नाही. आणि पुढचा कॉल लगेच, कोणीतरी पिऊन टाइमपास म्हणून शिव्या घालतोय. आता पोळ्या लाटताना मी तीसपर्यंत मोजते आणि हात थांबतो. झोपेचं तर विचारूच नका. घरचे म्हणतात, तू तर नुसतं ऐकतेस, तुला काय होतंय?

खडूस_काका:
मनाला लावून घेऊ नका. होते सवय.

वायरलेसवाला:
काका, सवय नाही होत, झाकलं जातं फक्त. पोलीस कंट्रोल रूममधून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, माझा मोबाइल अजून सायलेंटवरच असतो. डोळ्याने बघितलं की जेवढं आहे तेवढंच दिसतं हो, कानाने ऐकलेलं डोकं रोज नव्याने रंगवतं. ताई, सुपरवायझरकडे अशा कॉलनंतर दहा मिनिटं मागा, भांडून मागा. आणि गाडीवरच्या पोरांकडून शेवट काय झाला ते कळतं का बघा, वाईट असला तरी लटकत राहण्यापेक्षा बरा.

माधवी_समुपदेशक:
"नुसतं ऐकतेस" म्हणणाऱ्यांना सांगा, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तकात, कामापायी असे भयंकर तपशील वारंवार वाट्याला येणं हेसुद्धा पीटीएसडीच्या (मोठ्या आघातानंतर होणाऱ्या मानसिक आजाराच्या) कारणांत धरलंय, तुम्ही जागेवर हजर असायलाच हवं असं नाही. तुम्हाला तेच आहे असं मी इथून सांगणार नाही, पण महिन्याच्या वर झालंय ना, मग सायकियाट्रिस्टला दाखवाच. ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) असे उपचार आहेत. तोवर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात.

रातपाळी_२९:
लावला काल. तिकडच्या मुलीने पहिलंच विचारलं, कुठून बोलताय, आणि मला हसूच फुटलं, दिवसातून शंभरदा मीच म्हणते ना ते. मग रडले बराच वेळ, ती थांबली. फोन ठेवताना मीच तिला विचारलं, तुम्हाला मधे ब्रेक देतात का हो?