'पापे पदरी घेणे' म्हणजे नक्की काय?

परवा एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या आजीच्या वर्षाच्या प्रार्थनेला गेले होते. पाळकांनी बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं वाचलं, जर आपण आपली पापे पदरी घेतली तर देव क्षमा करील आणि शुद्ध करील असं. मी दचकलेच. आपण म्हणतो ना, कशाला त्या गरिबाला फसवून पाप पदरी घेतोस, म्हणजे करू नकोस. मग इथे पदरी घेतल्यावर क्षमा कशी? भाषांतर गंडलंय का?

---

नाही गंडलेलं, मला तर हे अख्ख्या पवित्र शास्त्रातलं सगळ्यात मराठी वाक्य वाटतं. मी नगरकडची, लहानपणापासून हेच कानावर आहे. इथे पदरी घेणे म्हणजे हे माझं आहे असं मान्य करणं, दुसऱ्यावर न ढकलणं. मत्तय ३:६ मध्ये लोक यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला येतात तिथेपण हेच शब्द आहेत. मूळ ग्रीक शब्दाची फोड केली तर 'तेच बोलणं' असा अर्थ निघतो, म्हणजे देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही पापच म्हणायचं, "काही चुकलं असेल तर माफ करा" असलं गुळमुळीत नाही. नव्या भाषांतरांत 'कबूल करणे' असतं, ते सोपं आहे, पण कबूल तर माणूस पोलिसांच्या धाकानेही करतो.

आमच्या आजोबांनी धाकट्या भावाचा बांध कोरला होता, फार नाही, हातभर. बारा वर्षं दोन घरांत बोलणं बंद. एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आजोबा भक्तीतून मधेच उठले, तसेच भावाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "बांध मी कोरला. माझ्या पदरी आहे." दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दोरी धरली आणि बांध जागेवर नेला. मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हापासून ह्या शब्दाचा दुसरा अर्थ मला सुचतच नाही.

---

वसईहून. आम्हा कॅथलिकांत धर्मगुरूंपुढे जाऊन आपली पापं सांगतात त्याला पापनिवेदन म्हणतात, गोव्यात कोंकणीत कुमसार. ऐकलेलं धर्मगुरूंनी कोणालाही सांगायचं नसतं, अगदी कोर्टातसुद्धा. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते, 'प्रायश्चित्त' हा शब्द जपून वाचा. हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पाप करणारा घेतो, व्रत, उपास, दान वगैरे. योहानाच्या त्याच पत्रात पुढच्या अध्यायात ख्रिस्तच आमच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे असं येतं, म्हणजे घेणारा आपण नाहीच, दुसऱ्याच कोणीतरी आपल्यासाठी भरलंय. शब्द तोच, पण अर्थ पार उलटा झालाय आणि ह्यात सगळा ख्रिस्ती विश्वास आला.

---

थँक्स दोघांना, बांधाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मग क्षमा झाल्यावर परत 'शुद्ध करील' वेगळं कशाला?

---

मी नगरवाली परत. ह्या वचनात क्षमेसाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ सोडणे, शिष्य जाळी सोडून येशूमागे गेले तिथे तेच आहे, म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत आपल्याकडे 'आमची ऋणे आम्हांस सोड' आहे आणि ते अगदी चपखल आहे. पण कर्ज सुटलं तरी अंगाला लागलेलं राहतंच ना, आजोबा म्हणायचे भाऊ बोलायला लागला तरी मला त्याच्या शेताकडे बघवत नव्हतं. ते धुवायचं काम वेगळं. ५१ व्या स्तोत्रात दावीद 'मला धू' म्हणतो तिथे हिब्रूत अंघोळीचा शब्द नाहीये, कपडे धुण्याचा आहे, तुडवून, चोळून काढतात तो. आमची आजी ओढ्यावर गोधडी अशीच धुवायची, लुगडं खोचून, दगडावर पसरून दोन्ही पायांनी तुडवायची, काळं पाणी जायचं, मग करडं, आणि नितळ यायला लागेपर्यंत ती थांबायची नाही.