शब्दचर्चा : सॅम्पल, इंटरपोलेशन, हुबेहूब आवाज

चाळीसगाव : अहिराणी गाण्यांच्या धंद्यात सगळ्याला सरसकट 'चाल उचलली' म्हणतात. नोटीस आली की वकील विचारतो, नेमकं काय उचललं? सॅम्पल आणि इंटरपोलेशन यांना वेगवेगळे मराठी शब्द सुचवा.

जळगाव : वेगळे हवेतच भो, कारण परवानगी वेगवेगळ्या दारात मागावी लागते. मूळ ध्वनिमुद्रणातलाच आवाज कापून घेतला तर सॅम्पल. 'तुकडा लावणे' म्हणा. त्याला मास्टरच्या, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या, मालकाची परवानगी लागते; तो बहुधा कंपनीच असते. शिवाय चाल आणि शब्द ज्यांच्या हक्काचे, त्यांची वेगळी. इंटरपोलेशनमध्ये तीच ओळ नव्याने गाऊन-वाजवून घेतात. मास्टरचं लफडं सुटतं, चालीचं नाही. 'चाल उचलणे' एवढ्यापुरतंच राखावं. सॉफ्टवेअरने ढोलकी बाजूला काढून नुसता गळा ठेवला, पट्टी काळी दोनची काळी चार केली, तरी तो तुकडाच.

नंदुरबार : सात सेकंदांपर्यंत चालतं म्हणतात ना?

जळगाव : असला नियम कायद्यात कुठेच नाही. आपली जाहिरातीची धून 'क्रेझी ४' सिनेमाच्या गाण्यांत वापरल्याचा दावा संगीतकार राम संपत यांनी २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लावला होता. भांडण चालीचं होतं. प्रकरण दोन कोटी रुपयांवर मिटलं.

नंदुरबार : आणि कानबाईची, आपल्या खानदेशच्या लोकदेवीची, गाणी?

धुळे : पारंपरिक ओळ मोकळी. पण कंपनीने केलेलं तिचं ध्वनिमुद्रण मोकळं नाही. प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. कुणी हल्ली जोडलेलं कडवंही त्याचंच. म्हणून जुन्या कॅसेटमधून कापू नका, बायांकडून नव्याने गाऊन घ्या.

भुसावळ : 'कव्हर' यात मिसळू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी प्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून पाच वर्षं झाली की आधी नोटीस आणि रॉयल्टी देऊन अख्खं गाणं पुन्हा करता येतं. रॉयल्टी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची. एखाद्या भाषेसाठी किंवा बोलीसाठी हा आकडा कमी ठरवायची सोय कलमातच आहे. पण शब्द बदलता येत नाहीत. सिनेमाच्या चालीवर अहिराणी शब्द बसवले की ते कव्हर राहत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक जण नेमके इथेच फसतात. कार्यक्रमात गाणी वाजवायला काढलेला परवानाही इथे कामाचा नाही.

चाळीसगाव : आणि गायकासारखा गळा काढला तर?

धुळे : ती 'नक्कल'. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात नव्याने गायलेली नक्कल मूळ ध्वनिमुद्रणाचा भंग ठरत नाही. तरीही १९८८ मध्ये गायिका बेट मिडलर यांनी फोर्ड मोटार कंपनीविरुद्ध अपील जिंकलं, कारण जाहिरातीत त्यांच्या गळ्याची नक्कल मुद्दाम करवून घेतली होती. तिथे आवाज हीच ओळख धरली गेली. आपल्याकडे अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एआयने बनवलेल्या आवाजाविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. त्याला नक्कल म्हणू नये, तिथे माणूस गातच नाही. 'बनावट गळा' कसं वाटतं?

जळगाव : चालेल. करारात मात्र 'ध्वनिमुद्रण' आणि 'चाल व शब्द' अशा दोन वेगळ्या ओळी लिहा, प्रत्येकीपुढे हक्कदाराचं नाव आणि सही. एका सहीत दोन्ही उरकली की पुढे हमखास अडतं.