चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी गेलेला कामगार परतला नाही. मस्टरवरून (हजेरीपटावरून) नाव काढावं का?

वेर्णेकर: कामगार आमच्या पॅकेजिंग युनिटमधला मशीन ऑपरेटर, ८ वर्षं कायम. चवथीची ५ दिवसांची रजा मंजूर होती, ती संपून २३ दिवस झाले. फोन बंद. मॅनेजर म्हणतात, 'स्वतःच नोकरी सोडली' असं लिहून नाव काढा, पीएफलाही एक्झिट (नोकरी सोडल्याची नोंद) टाका. आमच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कारखान्याच्या सेवा नियमांत), रजा संपल्यावर ८ दिवसांत न आल्यास नोकरीवरचा हक्क जातो, असं कलम आहे. तेवढं पुरतं का?

मस्टरवाला: नाही पुरत. डी. के. यादव खटला (१९९३) असल्याच ८ दिवसांच्या कलमावरचा. म्हणणं न ऐकता नाव काढलं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कामगाराला ५० टक्के मागील पगारासह परत घ्यायला लावलं.

आधी 'कामावर हजर व्हा' पत्र पाठवा, मराठीत किंवा त्याला वाचता येईल त्या भाषेत. तारखा नेमक्या लिहा, हजर व्हायला ३ दिवस द्या. मस्टरवर असलेल्या पत्त्यावर आणि गावच्या घरी, दोन्हीकडे स्पीड पोस्टने. पाकीट परत आलं तर फोडू नका, पोस्टमनचा शेरा वाचा. 'घेण्यास नकार' असेल तर पत्र पोचलं असं धरता येतं. 'सोडून गेला' असेल तर नाही. मग नवा पत्ता शोधा. सगळे इथेच घसरतात, सगळी पत्रं त्याच जुन्या भाड्याच्या खोलीवर धाडतात.

कुंडईकर: पत्रांना उत्तर नाही आलं तर चार्जशीट (आरोपपत्र) द्या. त्यात 'तुम्ही नोकरी सोडली आहे' असं लिहू नका, निकाल आधीच ठरला होता असा अर्थ निघतो. 'अमुक तारखेपासून विनापरवाना गैरहजर' एवढंच. चार्जशीटवर सही करणाराच चौकशी अधिकारी नको. कामगार चौकशीला आला नाही तर एकतर्फी चौकशी चालते, पण टाइम ऑफिसच्या माणसाने समोर बसून मस्टर आणि रजेचा अर्ज शाबीत करायला हवा. नुसती बायोमेट्रिकची प्रिंट फाइलला लावून भागत नाही. शिक्षेआधी अहवालाची प्रत त्याला पाठवा.

युनियनवाला: चार्जशीटआधी कोणी घरी गेलं का? ८ वर्षांचा माणूस फोन बंद करून बसतो तेव्हा बहुधा आजारपण असतं, नाहीतर घरातली भानगड. उद्या तो सर्टिफिकेट घेऊन आला तर गेटवर अडवू नका. आत घ्या, खुलासा लेखी मागा. गेटवर अडवलं की 'मला काढलं' अशी तक्रार थेट पणजीला पाटोच्या श्रम शक्ती भवनात, कामगार आयुक्तांकडे.

आणि बडतर्फ केलं तरी ग्रॅच्युइटी बुडवता येत नाही. नुसती गैरहजेरी हे ती जप्त करायचं कारण नव्हे. बेसिक अधिक डीए १८,००० असेल तर × १५ ÷ २६ × ८ (दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून), म्हणजे ८३,०७७ रुपये.

वेर्णेकर: गावच्या पत्त्यावरचं पाकीट परत आलंय, शेरा 'घर बंद'.

मस्टरवाला: ते पोचलं धरून चालू नका. त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवा, एक प्रत गेटच्या नोटीस बोर्डवर लावून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. बडतर्फीची ऑर्डर निघेपर्यंत पीएफच्या एक्झिटला हात लावू नका.